नाटक वाचायचे म्हणजे काय करायचे

‘एकच प्याला’वर प्रश्न आला, की बहुतेक उत्तरांची सुरुवात ठरलेली असते: गडकऱ्यांनी या नाटकातून दारूचे दुष्परिणाम दाखवले आहेत. ‘शारदा’ असेल तर देवलांनी बाला-जरठ विवाहावर प्रहार केलेला असतो. ‘नटसम्राट’मध्ये वृद्धांची व्यथा असते, ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये समाजाचा दांभिकपणा. यातले एकही वाक्य खोटे नाही. पण यातले एकही वाक्य लिहायला नाटक उघडावे लागत नाही, आणि वर्षानुवर्षे पेपर तपासणाऱ्या शिक्षकाला ते पहिल्या ओळीतच कळते. त्या पहिल्या वाक्याच्या पुढे काय लिहायचे, याबद्दल हे पुस्तक आहे. ते लिहिता यायचे तर नाटक वाचायचे कसे हे आधी कळायला हवे; म्हणून पुस्तकाचा मोठा भाग त्यालाच दिला आहे.

शाळेत आपल्याला कथा-कादंबरी वाचण्याची सवय लागते आणि त्याच सवयीने आपण नाटक वाचायला बसतो. तिथे घोटाळा होतो. कादंबरीत निवेदक सोबत असतो. कोण कसा आहे, कोणाच्या मनात काय चालले आहे, हे तो सांगतो. नाटकात सांगणारे कोणी नाही. नावे, नावांपुढे संवाद, मधेच कंसात चार शब्दांची सूचना. बाकीचे सगळे नट, दिग्दर्शक, नेपथ्यकार आणि प्रेक्षक मिळून उभे करतात. घरी एकट्याने पुस्तक वाचणाऱ्या विद्यार्थ्याला ही सगळी कामे स्वतःच करावी लागतात. त्यासाठी एकच प्रश्न हाताशी असला तरी पुष्कळ काम भागते: हे वाक्य कोण कोण ऐकत आहे? समोरचे पात्र ऐकत असते, कधी दाराआडून दुसरे कोणी ऐकत असते, आणि प्रेक्षक तर सदैव ऐकत असतो. या तिघांना माहीत असलेल्या गोष्टी सारख्या नसतात. ‘संशयकल्लोळ’मध्ये फाल्गुनरावाला कृत्तिकेचा संशय आणि कृत्तिकेला फाल्गुनरावाचा, दोघेही निर्दोष आहेत हे फक्त आपल्याला ठाऊक. तो सगळा विनोद या फरकावर उभा आहे. आणि गंमत अशी, की कोण ऐकते या प्रश्नाचे उत्तर मराठी नाटकाच्या प्रत्येक काळात बदलत गेले. विद्यार्थ्याने नाटकाचा इतिहास वाचायचा तो यासाठी. सनावळ्या पाठ करण्यासाठी त्याचा फारसा उपयोग नाही.

इतिहासाची सुरुवात सांगलीपासून करण्याची पद्धत आहे आणि ती रास्त आहे. १८४३ साली सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले. त्याची ५ नोव्हेंबर ही तारीख आज मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळली जाते. (तंजावरच्या भोसले राजांच्या दरबारात त्याच्याही खूप आधी मराठी नाटके लिहिली गेली होती, पण सांगलीला जे घडले ते त्या परंपरेतून आलेले नव्हते.) भाव्यांच्या नाटकात सूत्रधार पद्ये गायचा आणि त्या अनुरोधाने पात्रे आपापली भाषणे जागच्या जागी करायची. वाचावी अशी पक्की संहिता तिथे नव्हतीच. पण पुढच्या दहा-वीस वर्षांत विद्वानांच्या वर्तुळात नाटक मराठीत येऊ लागले ते पुस्तक म्हणून. परशुरामतात्या गोडबोले संस्कृत नाटकांची भाषांतरे करत होते, पाठोपाठ शेक्सपिअर आला. १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ लिहिलेल्या संवादांसह छापून आले. अशा नाटकांना ‘बुकिश’ नाटके म्हणत. वाचायचे नाटक वेगळे आणि बघायचे वेगळे, ही वर्गातली फूट इतकी जुनी आहे, आणि विद्यार्थ्याचे नुकसान तिनेच सर्वांत जास्त केले आहे.

याच काळातल्या एका नाटकाकडे पाठ्यक्रमांनी फार वर्षे लक्ष दिले नाही. जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ लिहिले आणि दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते स्वीकारले नाही. गरोदर कुणबी बाई आणि तिचा नवरा यांना एक जोशी ग्रहांची भीती घालून लुबाडतो, आणि शेवटी ते दोघे शिकायचे ठरवतात, अशी ही सरळ गोष्ट. पण यातला विदूषक बघा. तो मधे मधे बोलतो ते प्रेक्षकांशी. जोशी काय करतो आहे हे विदूषकाला दिसते, आपल्याला दिसते. ज्यांचे घर धुतले जात आहे त्यांना दिसत नाही. शिक्षण नसणे म्हणजे काय, हे फुल्यांनी भाषण देऊन सांगण्याआधी रंगमंचाच्या रचनेतूनच दाखवले आहे: कोणाला कळते आणि कोणाला नाही. मराठीतल्या अभिजात नाटकांची यादी करताना हे नाटक गाळण्याचे कोणतेही वाङ्मयीन कारण मला दिसत नाही, म्हणून या पुस्तकात त्याला पूर्ण पाठ दिला आहे.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ आणले आणि गाणे सूत्रधाराकडून पात्रांकडे गेले. दोन वर्षांनी ‘सौभद्र’ आले. विद्यार्थी संगीत नाटक वाचताना पदे सोडून देतात. पानावर ती वेगळ्या ठशात असतात, भाषा थोडी जुनी असते, आणि वाटते की कथा कळायला ती लागत नाहीत. ‘सौभद्र’च्या बाबतीत हे करून चालणारच नाही. तिथे रुसवा, आर्जव, थट्टा, कुरघोडी हे सारे पदांतून होते. पद काढले तर पुढचा संवाद कशाला उत्तर देतो आहे तेच कळत नाही. खाडिलकरांच्या ‘मानापमान’पर्यंत (१९११) हे बदलले होते. गोविंदराव टेंब्यांच्या चाली, बालगंधर्वांचा गळा, रात्र रात्र चालणारे प्रयोग आणि वन्समोअर. त्यातली काही पदे कथेला थांबवतात, हे विद्यार्थ्याने उत्तरात निर्धास्तपणे लिहावे. ज्या प्रेक्षकांसाठी ती रचली गेली त्यांना ते थांबणे हवे होते, एवढे जोडले म्हणजे उत्तर पुरे होते.

देवलांची ‘शारदा’ १८९९ची. या नाटकावर लिहिलेल्या उत्तरांत एक प्रसंग क्वचितच येतो, आणि माझ्या मते नाटकाचे मर्म तिथे आहे. म्हातारा भुजंगनाथ आणि कोवळी शारदा यांचे लग्न पैशांसाठी तिच्या बापाने, कांचनभटाने, ठरवले आहे. मध्यस्थ भद्रेश्वर दीक्षित. लग्न मोडते, पण कशामुळे? मुलीवर अन्याय होतो आहे म्हणून कोणी ते मोडत नाही. वर आणि वधू एकाच गोत्राचे आहेत, हे कोदंड ऐन मंडपात उघड करतो आणि लग्न थांबते. पुढे कोदंडाशी शारदेचा विवाह होतो तोही शंकराचार्यांनी निर्णय दिल्यावर. म्हणजे मंडपात बसलेल्या माणसांना मुलीचे रडणे ऐकू येत नव्हते, शास्त्राचा नियम मात्र ताबडतोब ऐकू आला. देवलांना आपला प्रेक्षक नीट माहीत होता. आठच वर्षांपूर्वी, १८९१ मध्ये, संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्रात रणे माजली होती आणि धर्मात हात घालू नका हा मुख्य आक्षेप होता. देवलांनी उपाय धर्माच्याच पेटीतून काढला. ही त्यांची तडजोड म्हणायची की हुशारी, यावर दोन्ही बाजूंनी उत्तम उत्तरे लिहिता येतील. स्वमताच्या प्रश्नाला हवे असते ते हेच.

खाडिलकरांचे ‘कीचकवध’ (१९०७) वाचताना रंगमंचावरचे श्रोते सोडून थेट खुर्च्यांकडे पाहावे लागते. विराटाच्या दरबारात सैरंध्रीची विटंबना होते आणि कंकाच्या रूपातला युधिष्ठिर सबुरीने घ्यायला सांगतो, बल्लवाच्या रूपातला भीम मात्र थांबायला तयार नाही. महाभारताची ही कथा सगळ्यांना पाठ होती. पण बंगालच्या फाळणीनंतरच्या त्या दिवसांत प्रेक्षकाला कीचकात लॉर्ड कर्झन दिसत होता, सैरंध्रीत देश दिसत होता, आणि दोघा भावांत मवाळ-जहाल वाद. एकही नाव न घेता सगळे बोलून झाले होते. सरकारलाही ते ऐकू गेले. १९१० साली नाटकावर बंदी आली. पौराणिक नाटक म्हणजे जुनी गोष्ट, असे समजून या संहितेकडे पाहिले तर हातात जेमतेम कथानक उरते.

गडकऱ्यांकडे आल्यावर थोडे थांबावे लागते, कारण विद्यार्थ्यांची सर्वांत जास्त गोची त्यांच्याच भाषेने होते. लांबलचक स्वगते, अलंकारांची रास, कोट्या. ‘एकच प्याला’ १९१९च्या फेब्रुवारीत रंगभूमीवर आले. गडकरी २३ जानेवारीलाच गेले होते. त्यातली पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांची आहेत, हेही लक्षात असू द्या, कारण उत्तरपत्रिकांत ती बेलाशक गडकऱ्यांच्या नावावर जमा होतात. आता तळीरामाचे प्रवेश आणि सिंधूचे प्रवेश कसे लावले आहेत ते बघा. आर्यमदिरामंडळाच्या बैठकीत दारुडे दारूचे समर्थन करतात आणि प्रेक्षक खदखदून हसतो. मग सिंधूचे घर दिसते. जो तळीराम आपल्याला हसवत होता त्यानेच तिच्या नवऱ्याच्या, सुधाकराच्या, हातात पेला दिलेला आहे, म्हणजे आपले हसूही त्या घराच्या नाशाला लागलेले आहे. नुसता उपदेश करायचा असता तर तळीराम इतका लोभस लिहिण्याची गरज नव्हती. आणि सुधाकराच्या घसरणीची सुरुवात बाटलीपाशी होतच नाही. भर कोर्टात मुन्सफाशी झालेली चकमक, त्यापायी वकिलीची सनद काही काळ रद्द होणे, आपल्या बुद्धीच्या गर्वाला बसलेला तो तडाखा, हे आधी येते. मरतानाही नवऱ्याला वाचवू पाहणारी सिंधू आजच्या मुलींना पटत नाही, वर्गात त्या तसे स्पष्ट बोलतात. त्यांनी ते उत्तरातही लिहावे. ही भूमिका बालगंधर्वांनी, म्हणजे एका पुरुषाने, गाजवली; सोशिक पतिव्रतेचा आदर्श पुरुषांनी लिहिला, पुरुषाने साकारला, आणि प्रेक्षकांतल्या स्त्रियाही त्यावर रडल्या. हे लिहिणारी विद्यार्थिनी नाटकावर अन्याय करत नाही. त्याच काळात हिराबाई पेडणेकरांनी ‘दामिनी’ लिहिले होते, हेही तिला माहीत असायला हवे.

१९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने श्री. वि. वर्तकांचे ‘आंधळ्यांची शाळा’ केले. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, रंगवलेल्या पडद्यांच्या जागी खोली आली, स्वगत गेले. पात्र मनातले प्रेक्षकाला सांगेनासे झाले. वाचकाचे काम इथून अवघड होते: माणूस जे बोलतो त्यावरून तो काय लपवतो हे ओळखायचे. अत्रे, रांगणेकर, वरेरकर यांच्या नाटकांचा तपशील त्या त्या पाठात येईल. स्वातंत्र्यानंतरच्या शिरवाडकर, कानेटकर, पु. ल. यांच्याविषयीही इथे फार लिहीत नाही, कारण विद्यार्थी त्यांच्याशी सर्वांत जास्त परिचित आहेत. फक्त ‘नटसम्राट’विषयी एक सूचना. १९७० सालच्या या नाटकाला ‘किंग लिअर’चे रूपांतर म्हणून मोकळे होऊ नये. मुलांना सर्वस्व देऊन टाकणारा बाप दोन्हीकडे आहे, पण अप्पासाहेब बेलवलकर हा राजा नाही, राजाच्या भूमिका करण्यात आयुष्य घालवलेला नट आहे. त्याला प्रेक्षकांची सवय आहे, आणि घरात त्याचे ऐकणारे कोणी उरलेले नाही. त्याची मोठी भाषणे या अर्थाने वाचून पाहा.

तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७चे. या नाटकात कंसातल्या सूचनांना संवादाइतकेच वजन आहे. खेड्यातल्या एका हॉलमध्ये हौशी नटमंडळी संध्याकाळच्या प्रयोगासाठी आली आहेत. बेणारे आत येते तीच दाराच्या कडीत सापडलेले बोट चोखत. विद्यार्थी ही सूचना वाचून पुढे जातो. वेळ घालवायला म्हणून लुटूपुटीचा खटला सुरू होतो, आरोपी बेणारे, आरोप भ्रूणहत्येचा. हळूहळू खेळ राहत नाही, तिचे खासगी आयुष्य साक्षीपुराव्यासारखे मांडले जाते, ती निघून जायला दाराशी धावते, आणि ती कडी बाहेरून पडलेली असते. सुरुवातीला जे बोटाला लागले होते ते आता पूर्ण माणसाला लागते. मग न्यायाधीश काशीकर तिला बोलायला दहा सेकंद देतात. बाकीची पात्रे गोठून उभी राहतात आणि बेणारे आपले सगळे सांगते. लांब, उसळत्या स्वरात. ते संपल्यावर कोर्ट काय म्हणते? वेळ संपली, आरोपीला काही सांगायचे नाही. म्हणजे ते भाषण रंगमंचावर कोणीच ऐकलेले नाही. फक्त आपण ऐकले, आणि शिक्षा थांबवणे आपल्या हातात नाही. बेणारेचे स्वगत हा परीक्षकांचा आवडता उतारा आहे, पण तो सुटा वाचला की हेच निसटते. आधीचे दहा सेकंद आणि नंतरचा निकाल यांच्यासह वाचला, तरच तेंडुलकरांनी काय केले ते दिसते.

‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) आणि आळेकरांचे ‘महानिर्वाण’ (१९७४) यांच्या संहिता नुसत्या वाचून निम्म्यानेच कळतात; तिथे कीर्तन, खेळे, दशावतार, माणसांचा पडदा यांचे चित्र डोळ्यांपुढे हवे. एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त (१९८५) दाराशी गंजत पडलेला ट्रॅक्टर न बोलता सगळ्या घराचा हिशेब सांगतो. प्रेमानंद गज्वींचे ‘घोटभर पाणी’ आणि दत्ता भगतांचे ‘वाटा पळवाटा’ यांचा पाठ इथे फुल्यांच्या पाठाला जोडून ठेवला आहे. मधली साखळी सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलशांची आहे, आणि ती लक्षात न घेता दलित रंगभूमी अचानक उगवल्यासारखी वाटते.

आता हे सगळे आजच का? अकरावीच्या ‘युवकभारती’त नाटक हे साहित्यप्रकार म्हणून शिकवले गेले, कृतिपत्रिकेत स्वमताला जागा आली. प्रश्नांचे स्वरूप बदलले, पण तयारीचे साहित्य तसेच राहिले: कथानक, व्यक्तिरेखा, वैशिष्ट्ये, संपले. त्यात आता मोबाइलवर दोन मिनिटांत कोणत्याही नाटकाचा सारांश मिळतो. सारांशात जे मावत नाही तेवढेच आता विद्यार्थ्याच्या हातचे उरले आहे, आणि नाटकात तेच सर्वांत मोलाचे असते. सिनेमाने दुसरी अडचण केली. ‘कट्यार काळजात घुसली’ आणि ‘नटसम्राट’ ज्यांनी पडद्यावर पाहिले त्यांना नाटक पाहिल्यासारखे वाटते. पण कॅमेरा कुठे बघायचे ते ठरवून देतो, रंगमंचावर ते आपले आपण ठरवायचे असते. शिवाय शहरातल्या मुलांना नाटक जास्त कळते, असे गृहीत धरण्यात अर्थ नाही. धान घरात आल्यावर गडचिरोली-चंद्रपूरकडे झाडीपट्टीची नाटके रात्रभर चालतात, गोव्यात देवळाच्या उत्सवात गावकरी स्वतः संगीत नाटक उभे करतात, कोकणात दशावतार आहे. तिथल्या विद्यार्थ्याने प्रेक्षक हसताना, चिडताना, उठून जाताना पाहिलेला असतो. हे त्याचे ज्ञान आहे आणि ते उत्तरपत्रिकेत यायला हवे. त्याला ते सांगणारे वर्गात सहसा कोणी नसते.

या पुस्तकात प्रत्येक नाटकाचा एक प्रवेश निवडून तो बारकाईने वाचला आहे. संपूर्ण नाटकाचा गोषवारा मुद्दाम दिलेला नाही. मूळ नाटक वाचल्याशिवाय या पाठांचा उपयोग होणार नाही. प्रत्येक पाठाअखेर प्रश्न आहेत, नमुना उत्तरे नाहीत. त्याऐवजी उत्तराला आधार म्हणून प्रवेशातल्या कोणत्या जागा पाहाव्यात, तेवढे दाखवले आहे. जुन्या शब्दांचे अर्थ त्याच पानाच्या तळाशी दिले आहेत. टीकाकारांची मते अगदी थोडी घेतली आहेत, आणि त्यांच्याशी असहमत व्हायला विद्यार्थी मोकळा आहे. फक्त असहमतीचे कारण नाटकातून दाखवावे.

शिक्षकांना एक विनंती. तासाची पहिली दहा मिनिटे प्रवेश मोठ्याने वाचण्यात जाऊ द्या, वेगवेगळ्या मुलांना पात्रे वाटून. कोण कुठे उभा आहे, कोणाची पाठ कोणाकडे आहे, दार कोणत्या बाजूला आहे, हे मुलांनाच ठरवू द्या. दोघांचे मत जुळले नाही तर संहितेत शोधायला सांगा. पोर्शन मागे पडेल ही भीती मला ठाऊक आहे, पण असे वाचलेल्या प्रवेशाचे वेगळे पाठांतर करावे लागत नाही.

विद्यार्थ्यांनी पाठ क्रमानेच वाचले पाहिजेत असे नाही. आपल्या अभ्यासक्रमात असलेल्या नाटकापासून सुरुवात करावी, मग त्याच्या आधीच्या काळातले एक आणि नंतरच्या काळातले एक घ्यावे. तुलनेचे प्रश्न त्यातून आपोआप सुटतात. परीक्षा अगदी तोंडावर आली असेल तर ‘शारदा’चा पाठ आधी घ्या. लग्नमंडपाचा प्रवेश तिघाचौघांत वाटून वाचा, कोदंडाचे बोलणे कोणाकोणाला ऐकू गेले याची यादी करा, आणि मग प्रश्नांकडे वळा.